गाऱ्हाण्याचा सूर

आमच्या शेजाऱ्याला साधं बोलता येत नाही. गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम त्याच्याकडे आहे. तो एकेक मागणं म्हणतो आणि जमलेला गाव हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतो. तो सूर त्याच्या गळ्यातून उतरतच नाही. बसमध्येसुद्धा, "बा कंडक्टर म्हाराजा, पेडण्याचा एक तिकीट दी रे म्हाराजा." मागच्या सीटवरचे नकळत "व्हय म्हाराजा" म्हणून जातात. हा आपला गंभीरपणे खिडकीबाहेर बघतो. मुद्दाम करतो की काय, अशी मला जुनी शंका होती.

परवा ग्रामसभेला नगरनियोजनाचे साहेब आले, आपल्याच तालुक्यातले. नव्या आराखड्यात आमची भातशेती बांधकामाच्या झोनमध्ये गेली होती. आरडाओरड झाली. साहेब माइकवरून म्हणाले, "एकानेच हरकत मांडा."

शेजारी उठला. त्याने चपला काढल्या. माइक त्याला लागत नाही.

"बा देवा म्हाराजा, जी शेतां आमच्या वाडवडलांनी राखली, ती शेतांच ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सभा म्हणाली.

"जो आराखडो कोणाक इचारल्याबगर केलो, तो रद्द करून टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माइकमधून आला. साहेबांचे डोळे मिटलेले होते.

शेजारी पंचायतीच्या सचिवाकडे वळला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सायबाची मान्यता लिवन घे."