पुसलेल्या डिस्का

लातुरात रजियाला गोड बोलताना कुणी ऐकलेलं नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या संगणकावर ती जशी खेकसायची, तशीच गिऱ्हाइकावरही: "काय करून आणलं ह्याचं?" तिच्या दुकानामागच्या खोलीत मात्र सात जुने संगणक ओळीनं सुरू असत. सीईटी संगणकावर होऊ लागली त्या वर्षी, ज्यांच्या घरी माऊससुद्धा नव्हता अशा गल्लीतल्या पोरी चार वाजता तिथं सरावाला येत. परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

हे संगणक रेणुकादास सरांच्या क्लासचे. नवे आले तसे त्यांच्या कारकून कुसुमताईंनी जुने जिन्याखाली टाकले आणि महिन्याभरानं रजियाला चिठ्ठी लिहून दिले: 'भंगार, सात नग.' रजियानं धूळ झाडली, सातही डिस्का कोऱ्या पुसल्या आणि विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. म्हाताऱ्या मशीनलाही ते पेलतं, आणि फुकट असलं तरी चोरीचं नसतं.

त्या शनिवारी सर टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आले.

"माझे संगणक काढ बाहेर."

"तुमचे? त्यांच्यात तर कोळी राहत होते, सर."

"चालू मशिनी भंगार म्हणून लाटल्यास. आत काय टाकलंस, चोरीचं विंडोज?"

"लिनक्स हाय. फुकट मिळतं."

"या गावात फुकट कोण देतं?"

"तुमी तर न्हाईच."

एक हमाल हसला. सरांनी पाहिलं तसा तो टेम्पोचं टायर न्याहाळू लागला.

मग खरं बाहेर आलं. क्लासचा आठ वर्षांचा प्रश्नसंच यातल्याच एका संगणकात होता. दुसरी प्रत कुणी ठेवलीच नव्हती.

"तो दे आणि ठेव तुझी डबडी."

"पुसला."

"न बघता?"

"न बघता."

"खोटं! पोरींकडून माझेच प्रश्न घोटवून घेतेस तू."

रजिया तेरा वर्षांची असताना भूकंपात औशाकडचं त्यांचं घर बसलं. ढिगाऱ्यातून निघालेली पत्र्याची पेटी कुणाची ते कळावं म्हणून अनोळखी माणसांनी आतली पत्रं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. अब्बांनी अम्मीला लिहिलेली. अम्मी अजून सापडायची होती, आणि त्या रडणाऱ्या गर्दीत कुणीतरी हसलं होतं. दुसऱ्याचं उघडून पाहायचं नाही, हे तेव्हापासूनचं. पण हे ऐकायची सरांची लायकी नव्हती.

"उचला रे," सर म्हणाले.

"थांबा." ती पहिल्या संगणकासमोर बसली. "माझ्या हातून मशीन जाती ती कोरी होऊनच. रीत हाय माझी." तिनं एक ओळ टाईप केली, एंटर दाबलं. संगणक पुन्हा सुरू केला तर काळ्या पडद्यावर नुसती पांढरी रेघ लुकलुकत राहिली. "हा झाला. न्या आता."

ती दुसऱ्यासमोर सरकली.

सरांनी पडद्याकडं पाहिलं, मग टेम्पोकडं. "प्रश्नसंचच नाही, तर सात भंगार घेऊन मी काय करू?"

"जिन्याखाली जागा हाय की."

"माजलीस," म्हणत सर उंबऱ्याला लाथ घालून निघून गेले. टेम्पो रिकामाच वळला.

साडेतीन वाजले होते. रजियानं लिनक्सचा पेनड्राइव्ह काढून पहिल्या संगणकात खोचला. पासवर्ड दोनदा चुकला. पहिली पोरगी दारात आली तेव्हा पडद्यावरची पट्टी नव्वदला पोचली होती.

"खाला, माझा संगणक?"

"बस गुमान. अन् चपला नीट काढ आधी."