आईचा फोन, माझा कॉम्प्युटर आणि दोन पार्वती

त्या शुक्रवारी माझी पाठ अजिबात दुखत नव्हती. तरीही सकाळीच मी ऑफिसातल्या पार्वती मॅडमना मेसेज टाकला, 'पाठ धरली आहे, उठवत नाही.' साकीनाक्याच्या आमच्या कंपनीत मी हेल्पलाइनवर बसतो आणि कॉम्प्युटर बिघडलेल्या लोकांना फोनवरून धीर देतो. असा माणूस आईच्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेण्यासाठी सुट्टी टाकतोय, हे मॅडमना कुठल्या तोंडाने सांगणार?

पण काम तातडीचं होतं. आईचा फोन गच्च भरलेला, आणि रविवारी माझ्या भाचीच्या मुलीचं बारसं!

"पणतीचो फोटो निघालो नाय तर बघ हां!" आईने दम भरला होता.

मी वायरचं एक टोक फोनला लावलं, दुसरं कॉम्प्युटरला. फोन लगेच चार्ज व्हायला लागला. कॉम्प्युटर मात्र 'कोण फोन? कुठला फोन?' अशा चेहऱ्याने ढिम्म! दुसऱ्या भोकात लावली. तिसऱ्या भोकात लावली. फुंकर मारून लावली.

"वायर फक्त चार्जिंगची असेल रे," ऑफिसला निघालेली माझी बायको अनघा चपला घालता घालता म्हणाली.

"तू जा गं. हे टेक्निकल आहे."

(वायर फक्त चार्जिंगचीच होती. संध्याकाळी दुसरी आणली आणि फोटो मुकाट्याने आले. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.)

मग मला अक्कल सुचली. वायर हवीच कशाला? मी आईच्या फोनमध्ये माझं अकाउंट टाकलं आणि सिंकची दिसतील ती सगळी बटणं चालू केली. स्क्रीनवर गोल बाण फिरायला लागले. झकास! फोटो काही येईनात, पण काहीतरी कुठेतरी जात होतं एवढं नक्की. बाणांना फिरत ठेवून मी आंघोळीला गेलो.

जात होते ते माझ्या फोनमधले सगळे नंबर. थेट आईच्या फोनमध्ये!

आणि नेमके तेव्हाच आईला मासे आठवले. मनोरीची पार्वती कोळीण आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगखाली मासे घेऊन येते. आईने तिचा नंबर 'पार्वती सुरमईवाली' असा ठेवलाय. आता त्या नावाच्या बरोब्बर वर 'पार्वती मॅडम' येऊन बसल्या होत्या. आईने 'पार्वती' एवढंच वाचलं आणि बोट टेकवलं.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर आई पूर्ण रंगात!

"गो पार्वती, सुरमई आसा काय? गेल्या खेपेक आमच्या सुहासाक दिलंस ती बर्फातली होती! आणि तुझो आवाज असो कित्याक? सर्दी झाली?"

पलीकडून कोणीतरी काहीतरी विचारलं.

"सुहास? माझो झील मां तो! आसा मां घरात!"

मी खुणा केल्या. हात जोडले. टॉवेल सुटता सुटता सावरला.

"पाठ?" आई फोनमध्ये खेकसली. "त्याच्या पाठीक काय धाड भरली! सकाळपासून कॉम्प्युटराच्या ढुंगणात वायर घालता नि काढता. आता न्हाऊन इलो नि माझ्यासमोर नाचता!"

वाट लागली!

"आई, फोन दे! ती मासेवाली नाही, माझ्या ऑफिसातल्या मॅडम आहेत!"

"थांब रे, बाई बरी बोलता," म्हणत आई सोफ्यावर मांडी घालून बसली. ताजी सुरमई कशी ओळखायची इथून सुरुवात झाली, ती पणतीचं बारसं नि अडकलेले फोटो यांवरून कालवणात तिरफळं कधी घालायची इथपर्यंत गेली. मी तसाच उभा, पाणी निथळत. शेवटी आईने फोन पुढे केला. "घे, तुझ्याशी बोलूचा म्हणता."

"बोला मॅडम," मी आजारी आवाजात म्हणालो. (आता तरी कशाला? पण निघाला!)

"सुहास, आले का फोटो कॉम्प्युटरवर?"

"नाही, मॅडम."

"मग आपल्या हेल्पलाइनला फोन कर. जरा वेळ लागेल हं, तिथला एक माणूस आज रजेवर आहे."

बॉसचा हुकूम! केला फोन. 'आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया लाइनवर राहा,' असं पुन्हा पुन्हा ऐकत मी अर्धा तास टॉवेलवर उभा राहिलो.

रेकॉर्ड केलेला तो आवाज माझाच होता.