उन्हात टांगलेली तार

आमच्या मद्रासच्या मुलींच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंच्या हाती पृथ्वी दिली असती, तर तापल्यावर ती किती फुगते हे बघायला त्यांनी ती आधी चुलीवर ठेवली असती. मी तिथे गणित शिकवायचे. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून गेलेली. बाई तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्या बोलू लागल्या की कुणी पोथी वाचतंय असं वाटे, फक्त मध्येच तारेला ‘कंबी’ आणि उन्हाला ‘वेयिल’ असे तमिळ शब्द येत. शिक्षकांच्या खोलीत स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की शिपाई ते मुकाट्याने त्यांच्यापुढे ठेवी. त्या आतल्यात गार पाणी ओतत, बाहेरचा गरम पाण्यात धरत, आणि पेले सुटले की पुन्हा अडकवून आमच्यापैकी कुणाला तरी सोडवायला लावत. तोवर सगळ्यांची कॉफी निवलेली असे. एकदा टी. नगरात मला पाटल्या घ्यायच्या होत्या. बाई सोबत आल्या आणि सोनाराला म्हणाल्या, पाटली तापवून ती किती वाढते ते आधी मोजून दाखव. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

आठवीच्या वर्गात ‘उष्णतेने धातू प्रसरण पावतात’ हे वाक्य त्या फळ्यावर लिहीतच नसत. मी विचारलं तर म्हणत, “नियम मग सांगीन. पहिलें कंबीस वेयिल लागूं दे.” यामुळे अभ्यासक्रम मागे पडे. शेवटी मुख्याध्यापिकांनी बजावलं की असंच चाललं तर आठवी दुसऱ्या कुणाला देईन. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंनी भल्या सकाळी मैदानातल्या दोन खांबांना लांबलचक लोखंडी तार बांधली आणि मधोमध एक वजन टांगलं, जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर. दुपारी वजन जमिनीला टेकलं. सगळा वर्ग ते बघायला मातीत पालथा पडला होता. तेवढ्यात मुख्याध्यापिका छत्री घेऊन आल्या.

“वजनाने तार ताणली गेली,” त्या म्हणाल्या. “यात उष्णतेचा काय संबंध?”

मुली बाईंकडे बघू लागल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “तसं असेल तर संध्याकाळी ती वर जाणार नाही. नाही गेली, तर आठवी काढून घ्या माझ्याकडून.”

शाळा सुटली. मुलींनी आपापल्या बसेस सोडल्या. बाई पदराने घाम पुसत खांबाला टेकून उभ्या होत्या. मी पायरीवर पेपर तपासायला घेऊन बसले होते, पण एकही तपासला नाही. ऊन उतरलं, समुद्राकडून वारा सुटला, आणि मातीत गाल टेकून पडलेली एक मुलगी तमिळमध्ये म्हणाली, “टीचर, खालून पलीकडचं दिसतंय.” मुख्याध्यापिकांनी छत्रीचं टोक वजनाखालून पलीकडे सरकवलं. ते कुठेही अडलं नाही. त्यांनी टोकाला लागलेली माती झटकली. मग म्हणाल्या, “उद्या नियम तेवढा फळ्यावर लिहा.”

आठवी बाईंकडेच राहिली. नियम त्यांनी लिहिला की नाही, मी विचारलं नाही.

पुढे नवऱ्याची पुन्हा बदली झाली आणि आम्ही मद्रास सोडलं. निरोप द्यायला शाळेतल्या दोघीतिघी सेंट्रल स्टेशनवर आल्या होत्या. बाई आल्या नाहीत. त्या वेळेला त्यांचा आठवीचा तास असे, हे मला ठाऊक होतं. तरी गाडी हलेपर्यंत मी फाटकाकडेच बघत होते.