करुणानं मागं घेतलेला आकडा

आमच्या गल्लीतल्या करुणाला कुणी विचारलं, "तू कोणत्या पक्षाची?" तर ती म्हणती, "मी बजेट वाचते." आता हे काय उत्तर झालं? पण बाई तशीच हाय. क्रांती चौकाच्या मागं दोन खोल्यांत तिची छोटी संस्था. दरसाली राज्याचं बजेट मांडलं की ही ते घेऊन बसती. विधवा, म्हातारे, दिव्यांग लेकरं यांच्या नावावर किती ठेवलं अन् त्यातलं खरं किती खर्चलं, ते सोप्या मराठीत लिहून पुस्तिका काढती. सरकार कुणाचं का असंना. त्यामुळं सत्तेतले म्हणतात ही विरोधकांची, अन् विरोधक म्हणतात ही सत्तेवाल्यांची. तिची आई मुक्ताबाई कपाळ बडवून घेती, "एवढी शिकली, पण एका बी पुढाऱ्याशी धड नाय."

माझी तिची ओळख वाढली ती माझ्या लेकामुळं, अतुलमुळं. अतुल बावीस वर्षांचा, पण समज लहान लेकराची. मी होस्टेलच्या मेसवर पोळ्या लाटते. आधी कामाला जाताना त्याला घरात कोंडून जावं लागायचं. दुसरा इलाजच नव्हता. मग असल्या पोरांसाठी कार्यशाळा निघाली. तिथं तो कागदी पिशव्या चिकटवायला शिकला. शिकला कसला, हेडमास्तर झाला; घरी आला की मलाच शिकवतो.

गेल्या एप्रिलात कार्यशाळेच्या बाई म्हणल्या, अनुदान आलं नाय, जूनपासून बंद करावं लागंल. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पोराला परत कोंडायचं? करुणाच्या पुस्तिकेत छापलं होतं, असल्या कार्यशाळांची तरतूद निम्मी झाली. आम्ही आयांनी ठरवलं, कलेक्टर हापिसासमोर बसायचं. एक पुढारी मांडव अन् माइक द्यायला तयार झाला.

आदल्या दिवशी करुणा घरी आली. चहा बी घेतला नाय. म्हणली, "आवडामावशी, माझी चूक झाली. सरकारनं दिव्यांगांचं खातं वेगळं केलं, तवा अर्धी रक्कम तिकडं गेली. मी जुन्याच खात्यात शोधत बसले. तरतूद कमी झालेलीच नाय. उद्या मी हे जाहीर करणार."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "बाई, उद्याचा दिवस गप बस की. हातातोंडाशी आलेला घास काढतीस व्हय?"

"चुकीच्या आकड्यावर बसलात तर कलेक्टर साहेब एका वाक्यात उठवतील, मावशी. खरं दुखणं दुसरंच हाय. पैसा मंजूर होतो, पण पोचतो मार्च संपता संपता. खर्चायला सवड मिळत नाय, म्हणून परत जातो. अन् वरून दिसतं असं, की यांना पैसा लागतच नाय."

मी काय ऐकते? हाकलूनच दिली म्हणा ना. खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो म्हणतात, मी तर मावशी. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या नावानिशी चूक पेपरात छापून आणली, अन् खाली पैसा उशिरा पोचतो हे बी लिहिलं. पुढाऱ्यानं मांडव गुंडाळला. आम्ही नुसत्याच उन्हात बसलो अन् दुपारी उठून घरी आलो.

आठवड्याभरानं साहेबांनी आम्हा आयांना अन् करुणाला आत बोलावलं. तिला म्हणले, "आपली चूक आपण होऊन छापणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. तुमचा तो दुसरा मुद्दा सांगा." तिनं सांगितला. आवाज चढवला नाय, कुणाला नावं ठेवली नाय. साहेबांनी तिथंच तपासायला लावलं अन् ते खरं निघालं. नव्या वर्षाचा पहिला हप्ता मे महिन्यातच सोडायचं ठरलं.

बाहेर आल्यावर मी तिचे पाय धरायला गेले, तर ती मागं सरकली. "पाया नाय पडायचं मावशी, जय भीम म्हणा." मी म्हणले. आजवर लई जणांनी गोड बोलून माझ्या तोंडाला पानं पुसली. माझं वंगाळ बोलणं ऐकून घेऊन माझ्या लेकराचं भलं करणारी हीच एक. तिचे उपकार मी जन्मात विसरायची नाय.

जूनच्या पहिल्या सोमवारी अतुल डबा घेऊन कार्यशाळेच्या गाडीत बसला. संध्याकाळी मी पोळ्या लाटून घरी आले, तर तो माझ्या आधीच येऊन ओट्यावर बसलेला, बोटं डिंकानं माखलेली. मला बघून म्हणला, "आई, आज लई काम होतं."