अक्काच्या खोलीवरच्या चार पाट्या

ये गं पोरी, जवळ सरक. मावशीकडं आलीस की तुझं एक पाऊल कायम उंबऱ्याबाहेर. मागच्या खेपेला निम्मा चहा टाकून पळालीस, यष्टी चुकंल म्हणून. स्वतः आजी झालीस तरी घाई काही जाईना तुझी. आणि निघताना दारातून काय विचारलंस? "मावशी, माझी आई खरंच तापानं गेली का गं?" असं कुणी दारात उभं राहून विचारतं का? मी 'व्हय' म्हणाले. खोटं बोलले. तोंडानं सांगायला जमायचं नाही, म्हणून कागदावर सांगते. तेवढा वेळ तरी बूड टेकून बस.

निजामाचा अंमल होता तेव्हा. मी तेरा-चौदाची; लग्न झालेलं, पण सासरी धाडलेलं नव्हतं. तुझी आई, म्हणजे माझी अक्का, बाळंतपणाला माहेरी आलेली. तुला जन्मून चार दिवस झाले होते. चैती पुनवेची जत्रा, म्हणून वडील बैलगाडी जुंपून येरमाळ्याला गेलेले. घरात आम्ही बायकाच: माय, अक्का, मी, आणि तू मुठीएवढी.

सकाळी बार्शीकडून आलेला एक गाडीवान विहिरीवर सांगून गेला, की तिकडं इंग्रजी मुलखात काल लिंबाएवढ्या गारा पडल्या, झाडं मुळासकट उपटली. दुपारी मावळतीकडं आभाळ तांबडं-काळं झालं. वारा असा थांबला की लिंबाचं पान हलेना. गाय दावं ओढायला लागली. माय म्हणाली, "आता बसून चालायचं न्हाय. ऊठ."

मग काय, घरभर पळापळ. कडब्याच्या गंजीवर दोर टाकून त्याला दगड बांधले. गवऱ्या आत आणल्या. मीठ, काड्याची पेटी, कंदिलाचं तेल फळीवर ठेवलं. दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरी मायनं थापल्या. वासराला सोप्यात बांधलं. मी दोर ओढत होते तर माय म्हणते, "आधी तुलाच बांधते. वाऱ्यानं उडून सासरी पडलीस तर ती लोकं म्हणतील, न बोलवता आली!" आतून अक्का हसली. कळ येते म्हणून पोट धरून हसली.

आमचं घर माळवदाचं. लाकडाच्या तुळया, वर आडवी लाकडं, त्यावर हातभर माती. दरसाल मिरगाच्या आधी वडील वर चढायचे, जुनी माती खरवडून खाली टाकायचे, मगच गावच्या पांढरीतली नवी माती पातळ पसरायचे. त्या पांढऱ्या मातीतून पाणी उतरत नाही. त्या साली अजून ते व्हायचं होतं.

अक्का बाळंतिणीच्या खोलीत, मागच्या अंगाला. दोन दिवस म्हणत होती, "वरून माती गळती गं अंगावर. पोरीच्या डोळ्यात जाती." माय म्हणाली, "वर माती झिजली असंल. आज पाणी आलं तर धारच लागंल. चल, चार पाट्या टाकू." खालचं लाकूड वाळवीनं खाल्लं असंल, हे तिच्या मनात आलं नाही. माझ्या तर कुठून यावं?

जुनी माती खरवडायला वेळ नव्हता. मी पाट्या भरून शिडीनं वर नेल्या, मायनं हातानं पसरल्या. खाली जाताना म्हणाली, "बास आता. सवण्यावर फरशी झाक अन् उतर." सवणं म्हणजे उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं भोक. त्यातून अक्काची हाक आली, "अगं ये, सासरी जायची झालीस अन् पाटी डोक्यावर टिकंना व्हय? निम्मी माती माझ्याच डोळ्यात!" मी चिडले. मग वाईटही वाटलं. ती ओली व्हायला नको, तू ओली व्हायला नको, म्हणून मायचा डोळा चुकवून आणखी चार पाट्या वर नेल्या. बरोबर तिच्या बाजेच्या वर टाकल्या. पायानं दाबल्या. फरशी झाकली आणि उतरले.

तेवढ्यात शेजारच्या पिंजाऱ्याची चाची आली. "भाबी, बच्ची को अन् इसको हमारे घर कू लाव. हमारा छप्पर हलका है, गिरा तो बी कुछ नै होता."

माय म्हणाली, "उद्या पाचवी हाय चाची. पाचवी पुजल्याबिगर बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा न्हाय."

"मौसम पाचवी देखता क्या?"

अक्कानंच आतून सांगितलं, "राहू द्या चाची. माय म्हणती तसंच करू." चाची डोक्यावर पदर ओढून गेली.

दिवेलागणीला वादळ आलं. गारा अशा, की वर कुणी धोंडे ओततंय. मग पाऊस, रात्रभर. पण खोलीत एक थेंब गळला नाही. अक्का म्हणाली, "शाबास गं." मला केवढं वाटलं!

उजाडता उजाडता सगळं शांत झालं. मायनं चूल पेटवली, पाचवीचा पाटा धुवायला घेतला. तू रडत होतीस. अक्का म्हणाली, "ने हिला चुलीपाशी, ऊब हाय. मला घटकाभर पडू दे." मी तुला पदरात घेऊन उंबरा ओलांडला. दोन पावलं टाकली असतील. मागं कडकन तुळई मोडली. भिजलेली सगळी माती खाली बसली.

चाची, तिचा नवरा, आळीतली माणसं, सगळ्यांनी हातानं उकरलं. वडील दुपारी जत्रेतून आले, तोवर तिला बाहेर काढून ठेवलेलं होतं.

माय पुढं वीस-बावीस वर्षं जगली. ज्याला त्याला सांगायची, "मीच अडवली तिला उंबऱ्यात. चाचीचं ऐकलं असतं तर." तू बापाच्या गावी वाढलीस; तुला मात्र तापाचं सांगायचं, हेही तिनंच ठरवलं. ती रडायची आणि मी शेजारी बसून तिची पाठ चोळायचे. त्या चार पाट्या मी तिला कधी सांगितल्या नाहीत. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून तेच म्हणाली, "मीच अडवली." तरी माझं तोंड उघडलं नाही. लाकूड किडकं होतं, कदाचित तसंही पडलं असतं. पण मायला निम्मं ओझं तरी उतरवता आलं असतं. ते मी केलं नाही.

आता तुला कळलं. राग येईल तर येऊ दे, तुझा हक्कच आहे. पण घरी बसून रागावू नको. इथं ये, माझ्यासमोर बसून काय बोलायचं ते बोल. चैत लागायच्या आत ये, पोरी. आभाळ तांबडं झालं की मला अजून एकटीला बसवत नाही. आणि या खेपेला मुक्कामाला ये.