कोचसाहेबांचा हिरा

लखनौच्या आमच्या कॉलेजातले कोचसाहेब मैदानावरच्या कुत्र्यालाही 'आप' म्हणतात. "आप ज़रा पिच से उतर जाइए." कुत्रं उतरतं. गळ्यातली शिट्टी ते शोकसभेतही काढत नाहीत, आणि कुठल्याही खेळाडूबद्दल विचारा, उत्तर एकच, "लड़का हीरा है, सर."

डिसेंबरात आमच्या फास्ट बॉलरवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्याने घरापर्यंत पाठलाग करून हात धरला, अशी कॉलेजातल्याच एका मुलीची तक्रार होती. त्याला संघात ठेवायचं की नाही, हे ठरवायला समिती बसली. मी महाराष्ट्रातला, म्हणजे इथे कुणाचाच नातेवाईक नाही, म्हणून मलाही घेतलं. कोचसाहेब शिट्टी चाचपत म्हणाले, "लड़का हीरा है, सर. बाकी कोर्ट देख लेगा." समितीला हायसं वाटलं. हिरा खेळत राहिला.

कोचसाहेबांची मुलगी रोज सकाळी त्याच मैदानावर धावायला यायची. ती दिसेनाशी झाली, तेव्हा मी सहज विचारलं.

"आजकल धूप बहुत तेज़ है, सर," ते म्हणाले.

जानेवारी होता. आठवडाभर सूर्य उगवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्या धुक्यात मला त्यांचा चेहरासुद्धा धड दिसत नव्हता.