इष्टलिंग डावीकडंच का सरकायचं?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. लातूरला लॅबमध्ये बारा वर्षं काम करतेय. रिपोर्टमध्ये आहे तेच खरं, बाकी मनाचे खेळ... असं तोऱ्यात सांगणारी बाई मी.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाईच म्हणतो, देवणीला किराणा दुकान सांभाळतात. आम्ही लिंगायत. त्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, आंघोळीलाही न उतरणारं. मागच्या वर्षी मीच मागं लागून त्यांची मॅमोग्राफी केली. मशीनपुरतं ते उतरवावं लागलं, मी हातात धरून बाहेर बसले. रिपोर्ट एकदम क्लीन.

चारेक महिन्यांनी कुरकुर सुरू. लिंग मधोमध राहतच नाही म्हणे, सारखं डावीकडं जातंय. मी दोरा बदलला. माझ्या हातानं मधे आणून ठेवलं — चहा उकळेपर्यंत परत डावीकडं, त्याच जागी! मग मी चिडलेच. रिपोर्ट क्लीन आहे, उगी डोक्याला ताप देऊ नका म्हणाले. त्या गप्प बसल्या. दोन महिने.

मग त्याच जागी गाठ हाताला लागली. चांगली बोराएवढी.

मी भांडून जुनी फिल्म परत तपासायला लावली. तिच्यात खरंच काही नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, मशीनवर सापडणाऱ्या गाठी बऱ्याचदा सावकाश वाढणाऱ्या असतात, वर्षानुवर्षं बसून असतात म्हणून तर सापडतात. दोन तपासण्यांच्या मधेच हाताला लागते ती बहुतेक वेळा झपाट्यानं वाढणारी.

"अशा गाठीला दोन महिने म्हणजे लई झाले," ते म्हणाले.

घरी येऊन मी आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवून रडले.

"तुझा काय दोष गं पोरी? कागदानंच न्हाई सांगितलं," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. केमो झाली. आता ती बाजू सपाट, म्हणजे लिंग तिकडंच घसरायला हवं ना? पण सोमवारपासून ते उजवीकडं जाऊन राहिलंय... चढावर! मी पाचदा मधे आणलं. सहाव्या वेळी त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. कुठं थांबतंय ते बघ."

डॉक्टरांना काय सांगणार? उजवीकडं दुखतंय म्हणून खोटंच बोलले. या वेळी थांबले नाही. आत्याबाई आत मशीनवर आहेत, मी बाहेर बाकावर बसून हे मोबाईलवर टाईप करतेय. डबी माझ्या मुठीत आहे. हे काय आहे, मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. आणि या वेळीही रिपोर्ट क्लीन आला तर मी काय करू, तेही सांगा.